उंचावरच्या घटपर्ण्या

बायकोला आत नेल्यावर नर्सने तिची कानातली कापसाच्या बोळ्यात गुंडाळून त्याच्या हातात दिली, आणि ती शर्टाच्या खिशात ठेवावीत की पँटच्या, एवढ्या साध्या प्रश्नावर तो अडला. शर्टाचा खिसा वाकलं की सांडतो. म्हणून त्याने ती पँटच्या खिशात सरकवली, तर बोटांना किल्ल्यांचा जुडगा लागला. आणि जुडग्याबरोबरच प्रश्न आला, की काचघरातल्या थंड खोलीचं यंत्र आपण सकाळी परत चालू केलं का? मनात शंकेची पाल चुकचुकते असं म्हणतात. ही चुकचुकत बसली नाही, सरळ अंगावर पडली. तो दाराकडे बघत उभाच राहिला. दोन्ही फळ्या अजून आत-बाहेर हलत होत्या, स्ट्रेचर नुकतंच आत गेलं होतं, आणि अशा वेळी माणसाने कशाचा विचार करावा हे शिकवायला कुणी लागत नाही. पण त्याला दिसत होतं ते भिंतीवरचं एक लाल बटण. ते खाली होतं की वर, तेवढं मात्र दिसत नव्हतं.

"बसा ना भाऊजी," मेहुणी म्हणाली. ती पिशवी मांडीवर घेऊन आधीच बसली होती. तिचा रक्तगट बहिणीशी जुळत होता म्हणून तिला मजल्यावरून हलू नका असं बजावलं होतं, आणि ती खरोखरच हलत नव्हती, पाणीसुद्धा त्यालाच आणायला लावत होती. तो तिच्या शेजारी बसला. खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या होत्या, त्यामुळे त्याचा पाय हलला की सगळी रांग हलायची आणि शेवटच्या खुर्चीतले म्हातारे गृहस्थ मान वळवून बघायचे. त्याने गुडघ्यावर हात दाबून धरला. जाताना बायको काय म्हणाली होती? स्ट्रेचरवरून मान थोडी उचलून, अगदी बाजारात निघाल्यासारखं म्हणाली होती, "तुम्हाला जाऊन यायचं असलं तर या हो. मी काही पळून जात नाही." ढकलणारा वॉर्डबॉय हसला. त्यालाही हसू आलं होतं. पण त्याच क्षणी त्याने मनाशी ठरवलं होतं, की आज नाही. आज काहीही झालं तरी इथून जायचं नाही. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी कुणी विश्वास ठेवला नसता.

शहराच्या पार दुसऱ्या टोकाला मोठी बाग, बागेच्या मागच्या अंगाला काचघर, आणि काचघरात घटपर्ण्या. त्याची सगळी नोकरी त्या काचेखाली गेली होती. लोकांना वाटतं घटपर्णी म्हणजे एकच एक झाड. पानाच्या टोकाला लोंबणारा घडा, घड्यात पाणी, पाण्यात माशी, संपली कथा. बघायला येणारे काचेला नाक लावून उभे राहतात आणि म्हणतात, "ही खाते हो, माणसाचं बोट घातलं तर?" पूर्वी तो समजावत बसायचा. की बाबांनो, ही एक बाई नाही, हे मोठं खटल्याचं घर आहे आणि इथे प्रत्येकीची रीत निराळी. एकीचं झाकण असं, की पावसाचा थेंब पडला की ते थरथरतं आणि खालच्या अंगाला चिकटून गोड चाटणारी मुंगी टपकन आत. एकीने आपल्या पोकळ देठात मुंग्यांनाच भाडेकरू ठेवलंय. त्या खुशाल घड्यात पोहून वर येतात, त्यांना ती काही करत नाही. एक जमिनीलगत बुटक्या कुंड्या मांडून बसते आणि वरून पडणाऱ्या पालापाचोळ्यावर गुजराण करते, म्हणजे जवळजवळ शाकाहारीच. एकीच्या लांब घड्यात दिवसा वटवाघूळ झोपतं, आणि भाडं म्हणून काय देतं ते सांगायला नको. आणि एकीचा घडा चांगला मोठा, भक्कम काठाचा. खारीएवढं एक जनावर झाकणाचं गोड चाटायला त्यावर पाय फाकून बसतं, आणि चाटता चाटता खाली आपला विधी उरकून जातं, वेलीला तेवढंच हवं असतं. हे सांगितलं की बायका तोंडाला पदर लावायच्या आणि पुरुष उगीच घड्याळ बघायचे. बायको म्हणायची, तुम्हाला चारचौघांत बोलायला हा एकच विषय सुचतो, आणि त्यातलीही नेमकी हीच गोष्ट.

त्यातल्या सखल रानातल्या उबदार खोलीत. त्या सोशिक, घाम गाळत वाढतात. पण उंचावरच्या, डोंगरमाथ्यावरच्या धुक्यातल्या, त्या थंड खोलीत, आणि त्यांचं सगळं तंत्र त्या एका यंत्रावर. दिवसा सौम्य, रात्री गार. डोंगर तसा वागतो म्हणून यंत्रानेही तसंच वागायचं. बाहेर शहर तापलेलं असताना यंत्र बंद राहिलं तर काचेखाली काय होतं ते त्याला नुसतं ठाऊक नव्हतं, त्याने ते पाहिलं होतं. या वर्षी थंड खोलीत नखाएवढी रोपं होती. घटपर्णीत नर वेल वेगळी आणि मादी वेगळी, आणि दोघांना एकाच हंगामात फुलायची बुद्धी होईल तर शपथ. या जोडीला ती झाली, कित्येक वर्षांनी. बी धरलं, रुजलं, आणि आता प्रत्येक रोपाच्या इवल्या पानाच्या टोकाला मोहरीच्या दाण्याएवढा घडा लटकत होता, झाकणासकट. भिंगातून बघताना त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि तो ते भिंगावर ढकलायचा.

सकाळी तो तिथे गेला होता. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी कोण काचघरात जातं? पण बायको म्हणाली, जाऊन या, नाहीतर माझ्या डोक्याशी बसून तेच तेच विचाराल. बागेचा सुट्टीचा दिवस होता. त्याने यंत्र बंद केलं, जाळी काढली, नळाखाली धुतली, झटकली, परत बसवली. जाळी धुतल्याशिवाय हवा नीट लागत नाही आणि बंद केल्याशिवाय जाळी निघत नाही. मग हात पुसत असताना मेहुणीचा फोन आला, "भाऊजी, निघताय ना? ताईला लवकर बोलावलंय." इथपर्यंत सगळं लख्ख आठवत होतं. फडक्याचा ओला वास, दाराशी पडलेला खराटा. त्यापुढे मात्र एकदम रस्ता, रिक्षा, बायकोची बॅग. मधलं बटण कुठे गेलं? त्याने डोळे मिटून हात बटणाकडे नेला, आणि हात गेलाही, बटण दाबलंही गेलं, यंत्राने हुं असा हुंकारही दिला. पण ती कालची सकाळ असेल. किंवा परवाची, किंवा मुलगी शाळेत होती तेव्हाची कुठलीतरी. जे रोज केलं ते एकदाही लक्षात राहत नाही, आणि त्याने तर आयुष्यभर हेच केलं होतं. आठवणीत बटणांची गर्दी झाली होती आणि आजचं बटण त्या गर्दीत हरवलं होतं.

त्याने बागेच्या फाटकावरच्या काकांना फोन लावला. मेहुणीने त्याच्याकडे तिरक्या नजरेने पाहिलं आणि पिशवीतून विणकाम काढलं.

"काका, मी काचघरातला."

"बोला साहेब. वहिनींचं झालं का?"

"अजून आत आहे. काका, जरा काचघराच्या मागच्या बाजूला जा ना. थंड खोलीचं यंत्र चालू आहे का बघा."

चालण्याचा आवाज, धाप, मग, "आवाज येतोय की."

"कोणत्या यंत्राचा? तिथे दोन आहेत. उबदार खोलीचं घरघर करतं. थंड खोलीचं हुं करतं."

काका ऐकत होते. त्यांचं ऐकणंसुद्धा फोनवर ऐकू येत होतं. "साहेब, घरघर तर आहेच. हुं पण आहे. पण ते हुं मला घरीसुद्धा असतं. वय झालं आता."

"बरं, काच बघा. थंड खोलीची. बाहेरून घामेजलीय का?" आत गार असलं की बाहेरून काचेला दव धरतं. हे आधी कसं सुचलं नाही?

"ओली आहे की चांगली."

त्याने श्वास सोडला. खुर्च्यांची रांग हलली.

"आत्ताच धुतली ना मी पाइपाने. सुट्टीच्या दिवशी बसून तरी काय करायचं? तुम्ही नेहमी म्हणता, धूळ बसते म्हणून." आणि मग काका अगदी आपुलकीने म्हणाले, "कुलूप तोडू का साहेब?"

कुलूप तोडायचं म्हणजे दाराची काच गेली. दाराची काच गेली म्हणजे यंत्र चालू असलं तरी गार हवा बाहेर, आणि त्यांना वाचवण्याच्या नादात आपणच त्यांना मारणार. दोन्ही किल्ल्या त्याच्याच जुडग्यात होत्या. एकदा बदलीवर आलेल्या माणसाने नळाचं खारं पाणी कुंड्यांना घातलं, तेव्हापासून त्याने जादा किल्लीही स्वतःकडेच ठेवली होती. हे शहाणपण आता त्याच्या मांडीला टोचत होतं. "नको काका, राहू दे," तो म्हणाला.

"बघितलं?" मेहुणी विणकामातून मान न काढता म्हणाली. "मी ताईला म्हटलंच होतं, भाऊजी अर्धा तासही टिकायचे नाहीत."

"मी जात नाहीये."

"जाऊन या. तुमच्या पायाने त्या आजोबांना चक्कर येईल."

"म्हटलं ना, जात नाहीये."

तिने सुया थांबवल्या आणि त्याच्याकडे पाहिलं, आणि तिला जे आठवलं तेच त्यालाही आठवलं. कारण गोष्ट तिच्याच लग्नातली होती. तो जन्मभर मागे वळून बघायला जाणारा माणूस. सहलीला निघाले की स्टेशनवरून परत, सिनेमाच्या मध्यंतरात परत. मुलगी झाली तेव्हा तो काचघरात झडपा बघायला गेला होता, आणि परत आला तेव्हा मुलगी अंघोळ करून दुपट्यात झोपलेली. वडिलांच्या हृदयाचं ऑपरेशन सुखरूप पार पडलं तेव्हाही तो तिथेच होता, पाण्याची टाकी वाहत तर नाही ना हे बघायला. टाकी वाहत नव्हती. कधीच काही झालेलं नसायचं. बायको दारातच विचारायची, "ठीक होतं ना सगळं?" आणि तो म्हणायचा, "ठीक होतं." मुलीला लहानपणी वाटायचं की बाबांचं कामच ते आहे, ठीक आहे असं बघून यायचं. फक्त एकदा, मेहुणीच्या लग्नात, बायको मांडवाच्या दाराशी आडवी उभी राहिली होती. "आज नाही. आज माझ्या बहिणीचं लग्न आहे." तो थांबला. जेवला, हसला, फोटोत उभा राहिला. आणि त्या दिवशी फ्यूज उडाला होता. दुसऱ्या दिवशी दार उघडलं तेव्हा आतली हवा तोंडावर उकळत्या भातासारखी आली, आणि जिला बागेतले सगळे सुरई म्हणत, उंच मानेची, लालसर काठाची, ती काठीला तशीच टांगलेली होती, सगळे घडे मऊ पडून. ती ज्या डोंगरमाथ्यावरची होती तो डोंगर तोवर खडीसाठी फोडून संपला होता. लांबच्या एका बागेत त्या जातीचा एक नर उरला. अजून फुलतो म्हणतात, दर हंगामात, कुणासाठी ते त्यालाच माहीत. त्यानंतर बायकोने त्याला कधीही अडवलं नाही, आणि दोघांच्याही मनात, कधी न बोललेली, एक खुळी समजूत पक्की बसली. हा माणूस जाऊन आला की सगळं ठीक असतं, आणि थांबला की काहीतरी मरतं.

हे खूळ आहे हे त्याला कळत होतं. अजून एक कळत होतं आणि ते जास्त वाईट होतं. बायकोच्या पोटात एक गाठ होती, लिंबाएवढी, डॉक्टरांनी बोटांनी दाखवलेली, आणि ती कसली आहे हे उघडल्याशिवाय कळणार नव्हतं. तिचा विचार करायला बसला की मन पाय काढून घ्यायचं आणि थंड खोलीच्या दाराशी जाऊन उभं राहायचं. यंत्र निदान जाऊन बघता येत होतं. चालू नाहीतर बंद, वर नाहीतर खाली. तिच्या पोटात डोकावून ठीक आहे असं कुणाला सांगता येणार होतं? त्याला स्वतःची लाज वाटली. इतक्या वर्षांची बायको आत टेबलावर आहे आणि आपल्याला घाम फुटलाय तो मोहरीएवढ्या घड्यांसाठी. मग वाटलं, घाम तिच्यासाठीच असेल, फक्त वाट चुकून दुसरीकडे निघालाय. मग त्याला ती रोपं दिसली, ऊन कलंडून पश्चिमेच्या काचेवर आलेलं, शेवाळाचा हिरवा रंग फिका पडत चाललेला, झाकणं एकेक करून सुकत आलेली, आणि तो उठलाच. उठून पाण्याच्या यंत्रापर्यंत गेला. तिथून जिना दिसत होता. जिन्याच्या खाली रस्ता, रिक्षा. जायला एवढा वेळ, यायला एवढा, आणि डॉक्टर म्हणाल्या होत्या साधारण तेवढाच वेळ लागेल. जमण्यासारखं होतं. नेहमीच जमण्यासारखं असायचं, म्हणून तर तो दर वेळी गेला होता. त्याने पेला भरला, मेहुणीला आणून दिला, आणि पुन्हा बसला. असं तो किती वेळा उठला आणि बसला कुणास ठाऊक. मेहुणीला शेवटी पाणी जाईना. शेवटच्या खुर्चीतल्या आजोबांनी एक पेला घेतला आणि आशीर्वाद दिला.

दार उघडलं तेव्हा डॉक्टरीणबाईंच्या गळ्यात मास्क लोंबत होता आणि त्या हसत होत्या. तरी त्याला काही ऐकू आलं नाही. मेहुणीने त्याचा दंड धरला आणि त्या परत म्हणाल्या, "गाठ सबंध निघाली. साधी आहे. तपासणीला पाठवू, पण मी पाहिलीय, काळजीचं काही नाही. शुद्धीवर येतायत, बसा जाऊन जवळ." मेहुणी रडायला लागली. तो रडला नाही. त्याने खिशात हात घालून कापसाचा बोळा चाचपला, आणि त्याच्या मनात एक अगदी पोरकट आनंद उसळला. तिला डोळे उघडल्यावर आपण दिसणार. ती विचारेल आणि आपण सांगणार, इथेच होतो, हललो नाही. दिवसभर दात आवळून सांभाळलेली ही एकच गोष्ट तो तिला देणार होता.

तिचे ओठ सुकलेले होते. डोळे उघडले, मिटले, पुन्हा उघडले, आणि त्याच्यावर येऊन थांबले.

"आलात?"

"इथेच आहे."

"ठीक होतं ना सगळं?"

"काय?"

"यंत्र. नाहीतर टाकी. जे काय होतं ते."

"मी गेलोच नाही," तो म्हणाला.

गुंगीतून एकेक पायरी वर चढून आल्यासारखी तिची नजर स्वच्छ होत गेली. "शंका आली नसेल आज."

"आली ना. सबंध दिवस आहे."

"आणि तरी गेला नाहीत?"

"नाही गेलो."

त्याने जे हसू ओठांवर तयार ठेवलं होतं ते तिथेच राहिलं, कारण तिचा चेहरा उतरला होता. तिने चादरीवरचा हात उचलून त्याचं मनगट धरलं. हातात ताकद नव्हती, तरी पकड होती. "डॉक्टर काय म्हणाल्या?"

"साधी गाठ आहे. निघाली. काळजीचं काही नाही."

"खरं सांगा."

"अगं खरंच."

"ताई, माझ्यासमोर सांगितलंय," मेहुणी म्हणाली.

"तू गप्प बस. तू लहानपणापासून माझ्याशी खोटं बोलतेस." तिचे डोळे त्याच्यावरून हलले नाहीत. "मुलीच्या वेळी गेलात. तुमच्या वडिलांच्या वेळी गेलात. आणि आज शंका येऊनसुद्धा बसून राहिलात? इतकं वाईट आहे का हो?"

दिवसभर त्याने स्वतःला त्या खुर्चीत बांधून घातलं होतं ते हिच्यासाठी, आणि हिला त्यातून फक्त एवढंच दिसत होतं. तो काचघरात पळाला म्हणजे इकडे भिण्यासारखं काही नाही, हे तिने इतक्या वर्षांत त्याच्या पाठीकडे बघून शिकून घेतलं होतं. ती रागवायची, चिडवायची, आणि निर्धास्त असायची. तो डॉक्टरांची शपथ घ्यायला लागला, मुलीची घ्यायला लागला, आणि जसजशा शपथा वाढल्या तसतसं तिच्या डोळ्यांत पाणी जमत गेलं. कडेच्या मॉनिटरवर तिच्या ठोक्यांची हिरवी टोकं जवळजवळ यायला लागली. नर्सने आत डोकावून कपाळाला आठ्या घातल्या.

तो उठला. "बरं," तो म्हणाला, "मी जरा जाऊन येतो. यंत्र बंद राहिलं असलं तर रोपं जातील."

"कोणती, ती नवी?"

"हो, तीच."

"मग आधी नाही का जायचं?" ती म्हणाली, आणि हा आवाज तिचा होता, घरातला, वैतागलेला. "इथे काय माझं तोंड बघत बसलात? रिक्षा करा. उन्हातून चालत जाऊ नका."

तो बाहेर आला आणि दार ओढून घेतलं. दार पुरतं लागत नव्हतं. आतून तिचा आवाज आला, "गेले का?"

"गेले," मेहुणी म्हणाली.

"मग काही नाही मला," ती म्हणाली, आणि मोठा श्वास सोडल्याचा आवाज आला.

मार्गिका लांब होती, टोकाला जिना. किल्ल्या त्याच्या मुठीत होत्या. तो जिन्याच्या दिशेने चार पावलं गेलाही. ऊन उतरणीला लागलं होतं. सकाळपासून यंत्र बंद असेल तर रोपं आत्तापर्यंत गेलेली होती, आणि चालू असेल तर ती मजेत होती. आता जाऊन त्यांचं काही होणार नव्हतं. फक्त त्याला कळणार होतं. हे इतकं सोपं होतं, आणि तरी त्याचे पाय जिन्याकडेच ओढ घेत होते, सगळं अंग तिकडे झुकलेलं होतं. दाराबाहेर भिंतीला लागून एक बाक होता, आतून दिसणार नाही असा. तो परत आला आणि त्यावर बसला. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला. आतून येणारा तिचा श्वास हळूहळू संथ होत गेला, मग त्यात ती नेहमीची बारीक घोरण्याची लकेर मिसळली, जिच्यावरून घरात रोज भांडण व्हायचं. ती ऐकताना त्याला पहिल्यांदा रडू आलं, आणि त्याने ते येऊ दिलं.

बऱ्याच वेळाने मेहुणी पाणी घ्यायला बाहेर आली आणि त्याला बघून जागीच थांबली. मग आवाज होऊ नये म्हणून दार धरून ठेवत कुजबुजली, "भाऊजी, अहो तुम्ही इथेच? ती उठल्याबरोबर विचारेल. काय सांगणार तिला?"

"चालू होतं म्हणून," तो म्हणाला.